डासांच्या मोसमात एव्हरग्लेड्स: उन्हाळ्यात कॅनू आणि तंबू घेऊन पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात कॅनू वल्हवायला आणि तंबूत राहायला चांगला काळ म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. ज्यांना तेव्हा जाता येतं त्यांनी तेव्हाच जावं. पण अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत रजेचं गणित उलटं बसतं. मुलांच्या शाळांना सुट्टी उन्हाळ्यात, आणि भारतातून बहीण-मेहुणे, भाचे येतात तेही मे ते ऑगस्टमध्येच. नेमका तोच इथला पावसाळा. मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत तो चालतो, आणि वर्षाकाठी पडणाऱ्या साधारण ६० इंचांपैकी (दीड हजार मिलिमीटर) बहुतेक पाऊस याच महिन्यांत कोसळतो. लोक हौसेने उद्यानाचा रस्ता जिथे संपतो त्या फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंत गाडी नेतात, दार उघडतात आणि डासांच्या थव्यातून पुन्हा गाडीत शिरून परत फिरतात.

परत फिरायची गरज नसते. पावसाळ्यातला एव्हरग्लेड्स मला फार जवळचा आहे. पाणी सगळीकडे चढलेलं असतं, गवताळ भाग हिरवागार असतो, दुपारनंतर आभाळात ढगांचे डोंगर उभे राहतात आणि मैलोन्‌मैल दुसरी होडी दिसत नाही. फक्त बेत वेगळ्या पद्धतीने आखावा लागतो. कुठलं मलम सगळ्यात जहाल, यावर नवखे लोक फार वेळ घालवतात. त्याआधी दोन प्रश्न विचारा: वारा कुठे आहे, आणि घड्याळात किती वाजलेत? पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवती आहे.

कोण चावतं, कुठे आणि कधी

उद्यानात डासांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, पण किनाऱ्याकडच्या भागात छळतो तो मुख्यतः खाऱ्या दलदलीतला काळा डास. त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही. एरवी कोरड्या, अधूनमधूनच बुडणाऱ्या ओलसर मातीत ती अंडी घालते. मोठा पाऊस किंवा उधाणाची भरती आली आणि ती जमीन बुडाली की सगळी अंडी एकदम फुटतात, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत साधारण आठवडाभरात नवी पिढी उडायला लागते. म्हणून जायच्या तारखेआधीच्या आठ-दहा दिवसांत तिथे किती पाऊस पडला ते जरूर पाहा. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर मुसळधार पाऊस झाला असेल, तर आठवडाभराने उठणारी ही नवी पिढी ओसरेपर्यंत थांबा.

कोकणातली खाडी पाहिलेल्यांना इथे एक गोष्ट उपयोगी पडेल. आपल्याकडच्या कांदळाचे आणि तिवराचे सख्खे भाऊबंद इथेही आहेत. कमानीसारखी मुळं पाण्यात सोडून उभं असलेलं ते इथलं लाल मँग्रोव्ह, म्हणजे कांदळाच्या कुळातलं. जमिनीतून बोटाएवढी श्वसनमुळं वर काढणारं ते काळं मँग्रोव्ह, म्हणजे तिवराच्या कुळातलं. कांदळाखाली रोज भरतीचं पाणी येऊन जातं. तिवर मात्र थोड्या उंच जमिनीवर, अधूनमधून बुडणाऱ्या पट्ट्यात वाढतो, आणि काळ्या डासाला हवी असते ती नेमकी हीच जमीन. किनाऱ्यावर डबा खायला थांबायचं असेल आणि जमिनीतून खुंट वर आलेले दिसले, तर तिथे उतरू नका.

दुसरी जात चिलटांची. डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि चावल्यावर ठिणगी पडल्यासारखं चुरचुरतं. भरती-ओहोटीच्या चिखलात ती वाढतात आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास उठतात. संध्याकाळी वारा पडला की सुंदर पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावरही ती असतात. घरातल्या साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज आत येतात, त्यामुळे तंबूची आणि डोक्यावरची जाळी चिलटांसाठीच्या बारीक विणीचीच हवी. खरेदी करताना हे विचारून घ्या.

तिसऱ्या गोमाशा. वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला भर दिवसा, उन्हात, डोक्याभोवती घिरट्या घालतात. त्यांच्यावर मलमाचा फारसा परिणाम होत नाही. जाड कापड आणि रुंद काठाची टोपी कामी येते.

वाऱ्याबद्दल एवढं ध्यानात असू द्या: ताशी दहा मैलांच्या आसपास वारा वाहता असला की डासांना उडणं जड जातं, आणि चिलटं तर त्याहून कमी वाऱ्यातही बसून राहतात. पण वारा पंधरा मैलांच्या पुढे गेला की उघड्या उपसागरात नवख्या माणसाला होडी सरळ ठेवता येत नाही. तुम्हाला हवा आहे तो या दोहोंच्या मधला वारा. राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजात तापमानाआधी वाऱ्याची ओळ वाचायची सवय लावा.

कुठला महिना

एप्रिलचा शेवट, मेचा पहिला पंधरवडा आणि नोव्हेंबर हे कडेचे आठवडे नवख्यांसाठी सगळ्यात बरे. जून ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर हा लेख पूर्ण वाचून, टप्प्याटप्प्याने जा. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. त्या काळात पहिल्यांदाच रात्रीच्या मुक्कामाला जाऊ नका. बाकी कुठल्याही महिन्यात राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या नकाशावर कॅरिबियन समुद्रात काही घोंघावताना दिसलं, तर बेत रद्द करा. पैसे गेले तरी चालतील.

पहिली पायरी: फक्त एक सकाळ

रात्री राहायचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी नाइन माइल पाँडला जा. होमस्टेड गावाजवळच्या प्रवेशद्वारापासून फ्लेमिंगोपर्यंत उद्यानाचा ३८ मैलांचा एकच रस्ता आहे, त्यावर फ्लेमिंगोच्या अलीकडे हे तळं लागतं. इथून निघून पुन्हा इथेच येणारा जलमार्ग साधारण पाच मैलांचा आहे. मधून लवकर परतायची जवळची वाटही आहे. मार्गावर आकडे घातलेले पांढरे खांब आहेत. हिवाळ्याच्या शेवटी इथलं पाणी इतकं उतरतं की होडी तळाला घासते. उन्हाळ्यात ती अडचण राहत नाही, शिवाय मार्ग बराचसा उघड्या गवताळ पाण्यातून जातो, त्यामुळे वारा मिळतो. याच कारणासाठी नवख्याने पावसाळ्याची सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे.

होडी स्वतःची नसेल तर फ्लेमिंगोच्या मरीनावर कॅनू आणि कयाक भाड्याने मिळतात. उन्हाळ्यात कामाच्या वेळा बदलतात, आधी फोन करून खात्री करून घ्या. दोघांसाठी मी कॅनूच सुचवेन: त्यात पाण्याचे कॅन मावतात, पाय हलवता येतात आणि मूल मधे बसू शकतं. लाइफ जॅकेट प्रत्येकाने अंगात घालायचं, होडीत ठेवून द्यायचं नाही. गळ्यात शिट्टी हवी.

उजाडताना पाण्यात उतरा. पहिली वीस मिनिटं डास असतील, कारण होडी काठावरून सुटेपर्यंत तुम्ही झाडीतच असता. सामान आदल्या रात्री लावून ठेवलं असेल तर ही वीस मिनिटं पाचवर येतात. मधल्या पाण्यात पोहोचलात की फरक लगेच जाणवेल. पाण्यावर तपकिरी, स्पंजासारखा जाड थर तरंगताना दिसेल. ते शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचं मिश्रण आहे. गोगलगायी आणि लहान मासे त्यावर जगतात, आणि त्यांच्यावर बाकी सगळे. त्या गोगलगायी टिपणारी एक दुर्मीळ घारही इथे दिसू शकते. मात्र हिवाळ्यातल्या फोटोंसारखी बगळ्यांची दाटी शोधू नका: पाणी सगळीकडे असल्यामुळे पक्षी पांगलेले असतात.

खांबांचा नियम साधा ठेवा. पुढचा खांब दिसत नसेल तर मागच्या खांबापाशी परत जा आणि तिथून पुन्हा बघा. गवत आणि झुडपं सगळीकडे सारखीच दिसतात, आणि अंदाजाने केलेली दोन वळणं माणसाला हरवायला पुरतात.

अकरापर्यंत गाडीपाशी परत या. नवखा माणूस तासाला दोन मैलांच्या पुढे फारसा जात नाही. त्या हिशेबाने पाच मैलांना अडीच-तीन तास लागतात, आणि थांबत-बघत गेलं की चार.

दुसरी पायरी: गाडी जवळ ठेवून एक रात्र

'लाँग पाइन की' इथलं तंबूतळ उन्हाळ्यात बंद असतं. फ्लेमिंगोचं वर्षभर चालतं, आणि फ्लोरिडा बेच्या काठावर मोकळ्या हिरवळीत असल्यामुळे तिथे वारा येतो. शक्य तेवढी पाण्याजवळची, झाडांपासून दूरची जागा घ्या. इथे तंबू लावा, रात्र काढा, आणि जमलं नाही तर गाडीत जाऊन झोपा. शेजारीच नवा लॉजही आहे. जुना २००५ च्या कॅटरिना आणि विल्मा वादळांत उद्ध्वस्त झाला होता, नवा २०२३ मध्ये सुरू झाला. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्यांच्यासाठी तिथे खोली घ्या. सत्तरीच्या वडिलांना जुलैच्या रात्री तंबूत झोपवू नका, त्यांची कितीही तयारी असली तरी. तो उकाडा त्या वयात धोक्याचा आहे.

फ्लेमिंगोच्या माहिती केंद्रात डासांचं प्रमाण दाखवणारा एक फलक असतो. त्यावरचा काटा अगदी टोकाला असेल तर तिथल्या रेंजरशी बोला आणि त्यांचं ऐका. या केंद्राला गाय ब्रॅडली यांचं नाव आहे. टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी बगळ्यांची कत्तल चालू असताना ती थांबवण्याचं काम ते करत होते, आणि जुलै १९०५ मध्ये एका शिकाऱ्याने त्यांना याच भागात गोळी घालून मारलं. आज इथे जे पंख आकाशात दिसतात त्यामागे हा माणूस आहे. मुलांना ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा.

तंबूत शिरायची कवायत

हा भाग घरी, दिवाणखान्यात तंबू लावून सगळ्यांकडून करून घ्या. रात्र चांगली जाणार की वाईट, हे इथेच ठरतं.

तंबू सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी उभा हवा. आत जायला जे लागेल ते सगळं (पाणी, दिवा, औषधं, कोरडे कपडे, चादर) त्याच वेळी आत टाका आणि चेन पूर्ण लावा. नंतर "एकच वस्तू राहिली" म्हणून चेन उघडली की पन्नास डास आत आलेच. जेवण, तोंड धुणं, शौच हे सगळं सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी उरका.

आत जाताना दिवे बंद. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभं राहा. डास तुमच्या पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला गोळा होतात. एकमेकांची पाठ, पाय, टोपी टॉवेलने झटका. मग एकाने चेन फक्त माणूस शिरेल एवढी उघडायची, दुसऱ्याने झटकत राहायचं, आणि एकेकाने आधी बूड, मग पाय असं झटपट आत जायचं. चपला बाहेर पिशवीत. सगळे आत आले की चेन लावा आणि मगच दिवा लावून आत शिरलेले डास एकेक करून मारा. दहा मिनिटं लागतात. ते संपेपर्यंत कोणी आडवं व्हायचं नाही.

इथल्या जुन्या वस्तीतले लोकही असंच करत. घराच्या दाराबाहेर एक छोटी खोली ठेवत, तिथे ताडाच्या जातीच्या झुडपाच्या फांदीने अंगावरचे डास झटकत आणि मगच आतलं दार उघडत. धुरासाठी ते काळ्या मँग्रोव्हचं लाकूड जाळत. आज उद्यानात ते चालत नाही.

रात्री लघवीला बाहेर जावं लागू नये म्हणून रुंद तोंडाची, वेगळी खूण केलेली बाटली आत ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. बायकांसाठी वेगळ्या आकाराची साधनं बाहेरगावी वापरायच्या सामानाच्या दुकानात मिळतात. पहाटे उठल्यावर चेन उघडायची घाई करू नका. बाहेरच्या जाळीवर डास बसलेले दिसतील. ऊन वर येऊन वारा सुटला की ते पांगतात. तोवर आतच आवराआवर करा.

तिसरी पायरी: चिकीवर एक रात्र

चिकी म्हणजे पाण्यात खांब रोवून बांधलेलं, वर छप्पर असलेलं, चारी बाजूंनी उघडं लाकडी मचाण. सेमिनोल आणि मिकोसुकी या इथल्या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक घरांवरून ही रचना घेतली आहे. उद्यानातली चिकी साधारण १० बाय १२ फुटांची असते, आणि बरोबर फिरतं शौचालय असतं. चहूबाजूंनी पाणी आणि वारा असल्यामुळे काठावरच्या जमिनीपेक्षा इथे डास बरेच कमी. उन्हाळ्यात मुक्काम करायचा तर चिकीवरच. नदीकाठच्या जमिनीवरच्या जागा हिवाळ्यासाठी सोडून द्या.

पहिल्या रात्रीसाठी पर्ल बे चिकी योग्य. हेल्स बे जलमार्गावरून साधारण चार मैलांवर, खांबांनी आखलेली वाट, मोठ्या लाटांपासून सुरक्षित. एक अडचण आधीच सांगते: सुरुवातीचा बराच भाग मँग्रोव्हच्या अरुंद बोगद्यातून जातो, तिथे वारा अजिबात नसतो आणि वळणं तीव्र आहेत. डोक्यावरची जाळी, हातमोजे घालूनच निघा, लांब कयाक टाळा, आणि थांबायचं ते मोकळ्या पाण्यात. केप सेबलचे किनारे फोटोत मोहक दिसतात, पण तिथे जायला फ्लोरिडा बेच्या उघड्या पाण्यातून सुमारे दहा मैल जावं लागतं. उन्हाळी वादळांच्या दिवसांत तो रस्ता नवख्यांचा नाही. वाइल्डरनेस वॉटरवे हा ९९ मैलांचा जलमार्ग तर नाहीच. त्याला आठवडाभर लागतो आणि तो हिवाळ्यातला प्रवास आहे.

मुक्कामासाठी परवाना वर्षभर लागतो. सध्याचं शुल्क आणि नोंदणीची पद्धत उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा, आणि त्याच वेळी तुमची चिकी चालू आहे का तेही तपासा. वादळांत मोडलेल्या काही जागा बराच काळ बंद राहतात. परवान्याची एक प्रत घरी कोणाकडे तरी द्या, आणि "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवा" असं स्पष्ट लिहून द्या. आत मोबाइलला रेंज मिळत नाही असंच धरून चाला. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या.

सामान

तंबू खुंट्या न ठोकता स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा हवा, कारण चिकीच्या फळ्यांत काही ठोकता येत नाही. वरचा भाग जाळीचा असू द्या. उन्हाळ्यात रात्रीचं तापमानही २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं, बंद कापडी तंबूत घुसमटायला होतं. तंबू उभा केला की आधी त्याचे कोपरे दोरीने खांबांना बांधा, मग आत सामान टाका. रिकामा तंबू वाऱ्याने सरळ पाण्यात जातो. स्लीपिंग बॅग घरी राहू द्या, सुती चादर पुरे. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा मात्र जरूर घ्या.

कपडे फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ. अंगाला चिकटणाऱ्या लेगिंगमधून डास सहज चावतात, हे मुलींना आधी सांगा. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारायचं असेल तर ते घरी, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी, उघड्यावर फवारून पूर्ण वाळू द्या. ते कातडीवर लावायचं नसतं. ओलं असताना मांजरांना ते विषारी असतं आणि पाण्यात गेलं तर माशांना, म्हणून होडीजवळ फवारू नका.

अंगाला लावायच्या डास पळवणाऱ्या औषधांत २० टक्के पिकारिडिन किंवा ३० टक्क्यांच्या आसपास डीट पुरेसं आहे. डीटचं प्रमाण वाढवलं की ते जास्त वेळ टिकतं, जास्त जोरात काम करत नाही. डीटने चष्म्याची चौकट, घड्याळ, प्लॅस्टिक खराब होतं; पिकारिडिनने होत नाही, म्हणून मी तेच वापरते. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. मुलांच्या तळहातांना लावू नका, ते डोळ्यांत जातं.

पाणी. इथे आत पिण्याचं पाणी कुठेही नाही. सगळं मचूळ किंवा खारं, आणि साध्या गाळणीने मीठ निघत नाही. उद्यान माणशी रोज किमान एक गॅलन (३.८ लिटर) न्यायला सांगतं. उन्हाळ्यात मी दीड धरते, शिवाय एका जादा दिवसाचं पाणी वेगळं. पाणी पातळ बाटल्यांत नेऊ नका: रॅकून आणि उंदीर त्या कुरतडतात. जाड प्लॅस्टिकचे कॅन घ्या, आणि सगळं एकाच कॅनमध्ये ठेवू नका.

जेवणाबाबत आपल्या स्वयंपाकघराचा इथे मोठा फायदा होतो. सूर्यास्ताच्या आधी चूल पेटवून, शिजवून, भांडी घासून मोकळं होणं अवघड असतं. न शिजवता खाता येईल असं न्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू, भाजके पोहे, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे सातूचं पीठ: गूळ-पाणी घालून कालवलं की जेवण झालं. घामातून जाणाऱ्या मिठासाठी लिंबू-साखर-मीठ किंवा कोकमाचं सरबत मीठ घालून. ओआरएसची पाकिटं वेगळी ठेवा. खाण्याचे सगळे डबे घट्ट झाकणाचे, आणि रात्री तंबूत अन्नाचा कणही नको.

वीज, उष्णता आणि बाकीचे रहिवासी

डासांनी माणूस हैराण होतो, पण इथे उन्हाळ्यात जीव जाऊ शकतो तो विजेने आणि उष्णतेने. दिवसा जमीन तापते, अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताकडून समुद्री वारे आत येतात, आणि दुपारी एक-दोननंतर त्यातून गडगडाटी ढग उभे राहतात. हे जवळजवळ रोजचं आहे. म्हणून चिकीच्या दिवशीही पहाटे निघून अकरा-बाराच्या आत पोहोचायचं. गडगडाट ऐकू आला की वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते असं समजा. उघडं पाणी सोडून कमी उंचीच्या झाडांच्या काठाला जा, एकट्या उंच झाडापासून दूर राहा, वल्हं आडवं ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं हलू नका. चिकीचं छप्पर पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. होडीवर निघाल्यावर विजेपासून पूर्ण सुरक्षित जागा मिळत नाही. जोरदार वादळांचा इशारा असेल त्या दिवशी म्हणूनच निघायचंच नाही.

उष्णतेची पहिली लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड. ती दिसताच थांबा, सावलीत बसा, टोपी-सदरा पाण्याने भिजवा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मदतीचा संदेश लगेच पाठवा.

ॲलिगेटर आणि अमेरिकन मगर दोन्ही इथे एकत्र राहतात, जगात आणखी कुठेही असं नाही. उन्हाळा त्यांच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा काळ आहे. माद्या राखणीला असतात, त्यामुळे काठावर गवत-मातीचा ढीग दिसला तर लांबून जा. नेहमी किमान १५ फूट अंतर, वल्ह्याने डिवचणं नाही, खाऊ घालणं गुन्हा. पाण्यात हात-पाय सोडून बसू नका, पोहायला उतरू नका. एवढं पाळलं तर ते तुमच्या वाटेला जात नाहीत.

किनारपट्टीच्या भागात मँचिनील नावाचं झाड आढळतं. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, आणि सगळंच विषारी. त्याच्या पानांवरून ओघळणाऱ्या पावसानेही अंगावर फोड येतात. अनोळखी झाडाखाली पावसात उभं राहू नका, अनोळखी फळ मुलांना उचलू देऊ नका.

परतल्यावर

गाडीत बसायच्या आधी पुन्हा एकदा सगळ्यांना झटका, काचा दोन मिनिटं खाली ठेवून चालवा, उरलेले डास वाऱ्याने बाहेर जातात. घरी पोहोचताच तंबू उलगडून पंख्याखाली वाळवा; इथल्या दमटपणात एका रात्रीत बुरशी धरते. जाळीत भोक पडलंय का ते उजेडासमोर धरून बघा आणि लगेच चिकटपट्टी लावा. चाव्यांवर कॅलामाइन लावा. खाज सहन होत नसेल तर ॲलर्जीची गोळी, ती मुलांना डॉक्टरांना विचारूनच. पुढच्या दोन आठवड्यांत कोणाला ताप, अंगदुखी किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांकडे जा आणि एव्हरग्लेड्समध्ये डास चावले होते हे आपणहून सांगा, कारण दक्षिण फ्लोरिडात डेंगीचे स्थानिक रुग्ण सापडलेले आहेत. भारतातून आलेले पाहुणे तोवर परत गेले असतील, तर त्यांनाही फोन करून विचारा.